सात मिनिटांचं अस्वल

सोमवारच्या बैठकीत कार्टून सिनेमातल्या अस्वलाचा शेवट मंजूर झाला, तर तो रचणाऱ्या चित्रकाराच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. सिनेमाच्या सुरुवातीला स्वतःच्या नावाची स्वतंत्र पाटी, जी चौदा वर्षांत एकदाही लागली नव्हती. खिडकीजवळचं टेबल. आणि मधल्या चित्रांपासून सुटका. मधली चित्रं म्हणजे असं, की उडीआधीचं अस्वल आणि उडीनंतरचं अस्वल मोठा चित्रकार काढणार, आणि हवेतली अकरा अस्वलं याने. चौदा वर्षं हा माणूस हवेतच होता. त्यामुळे सगळे त्याला अस्वलभाऊ म्हणत आणि त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटालाच ठाऊक होतं.

बैठकीची रीत ठरलेली होती. गोष्ट आणणाऱ्याने चित्रं फळ्यावर टाचायची आणि समोर उभं राहून करून दाखवायची. प्रश्न विचारायचे नाहीत. हशा झाला तर मंजूर, नाही तर चित्रं उतरवायची.

"पुढे?" स्टुडिओचे साहेब म्हणाले.

"पुढे अस्वल रुळांवर आडवं पडतं. आणि नेमका त्याच क्षणी ट्रामवाल्यांचा संप सुरू होतो."

टाळीमास्तरने टाळी वाजवली. गोष्टींच्या खात्याचा तो प्रमुख. साहेबांना हसू यायच्या अर्धा सेकंद आधी टाळी वाजवायची, एवढ्या एका कलेवर त्याने केबिन मिळवली होती.

"मग ते पियानोखाली जाऊन उभं राहतं. वर चौथ्या मजल्यावर पियानो चढवतायत, दोर कुजलेला. आपल्या सिनेमात आजवर एक दोर टिकलेला नाही."

"आणि हा टिकतो?"

"हा टिकतो."

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मग नदी. पाणी गुडघ्याएवढं. मासे म्हणतात, जरा पलीकडे सरका."

"पण त्याला मरायचं कशाला आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

"अहो, विनोदाला कारण विचारतात का?" टाळीमास्तर खेकसला.

"कारण तसं काही नाही," अस्वलभाऊ म्हणाला. "सर्कशीत त्याला आता कुणी हसत नाही. आणि सकाळी उठून करायचं काय, ते त्याला समजत नाही." बोलता बोलता त्याने खांदे असे पाडले, की खोलीत हशा फुटला. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा तोच.

शेवटी अस्वल घर आवरतं, कुणाकुणाचं काय काय परत करतं, आणि वर, स्वर्गाच्या दारात जाऊन पोहोचतं. तिथे खिडकीतला कारकून म्हणतो, "आज बंद. उद्या या, अर्जाच्या दोन प्रती घेऊन."

"मारलंस रे!" साहेब म्हणाले. "मंजूर! पोट दुखलं माझं."

खोलीत बावीस माणसं होती. भुवईची रेघ केसभर हलली, तर अस्वल उदास आहे की नुसतं झोपाळलंय, हे सांगणारी माणसं. त्यावरच पोट भरणारी. समोर उभा माणूस काय सांगतोय, ते मात्र एकालाही दिसलं नाही.

अर्थात, पहिली हसली होती ती त्याची बायको. तीही तिथेच, खाली रंगखात्यात. सगळे तिला वहिनी म्हणत. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याने जेवणाच्या टेबलावर चित्रं पसरली. कारकुनाच्या खिडकीपाशी ती खळखळून हसली आणि मग नेहमीप्रमाणे बारकाईने बघून म्हणाली, "कान पाडा थोडे. इतकं उदास अस्वल कान ताठ ठेवेल का?"

त्याने खोडरबर घेतलं आणि कान पाडले.

पाच आठवड्यांनी ती चित्रं रंगवायला खाली आली. काचेसारख्या पारदर्शक पत्र्यांवर रेघा काढलेल्या असायच्या. पत्रा पालथा घालून मागच्या बाजूने रंग भरायचा. बारा बायका, बारा उतरती टेबलं, आणि अस्वलाचा तपकिरी रंग बादलीने. त्या दिवशी अस्वलभाऊ डोकं दुखतंय म्हणून घरी थांबला होता.

"अगं बाई! वहिनी, तुमचं घर सिनेमात!" शेजारची चष्मेवाली ओरडली.

चित्रकार एकमेकांच्या वस्तू चित्रात घुसवतात, ही तिथली जुनी थट्टा होती. झाकण दोऱ्याने बांधलेली किटली. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी दिलेली खुर्ची. आखूड झालेला पडदा, ज्याला खाली वेगळ्याच कापडाची पट्टी जोडलेली होती. सगळ्याजणी गोळा झाल्या.

"पट्टी तरी साजेशी लावायचीत!"

"मला काय माहीत हा मेला जगाला दाखवणार आहे!" वहिनी म्हणाली, आणि तीही हसली. पडद्याचा हिरवा आपल्या घरातल्यासारखा हुबेहूब जमावा म्हणून तिने त्यात दोन थेंब पिवळा घातला.

पुढच्या पत्र्यावर अस्वल शेजाऱ्याची शिडी परत करत होतं.

तिचा ब्रश थांबला. सहा वर्षं त्यांच्याकडे पडून असलेली शेजाऱ्यांची शिडी अस्वलभाऊने गेल्या रविवारी नेऊन दिली होती. सुटली एकदाची लाज, असं ती म्हणाली होती.

त्याच्या पुढच्या पत्र्यावर अस्वल आपला थंडीचा कोट भावाला घालत होतं. मंगळवारी दीर तोच कोट घालून गेले होते. तुम्हाला नको होता का, असं तिने विचारलं नव्हतं. भावाभावांत प्रेम वाढलं, म्हणून उलट बरंच वाटलं होतं.

प्रत्येक दृश्याबरोबर एक तक्ता येतो. कितव्या चित्रात काय घडणार, ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. तिने बोट ठेवून पुढे वाचलं. अस्वल नखं कापतं. अस्वल डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतं: साखर, मीठ, चहा. अस्वल शर्टाला इस्त्री करतं. अस्वल दार ओढून घेतं.

आज सकाळी चहा करताना तिला डब्यांवर चिठ्ठ्या दिसल्या होत्या. त्याचं ते सुबक, ठसठशीत अक्षर. या वयात तरी नीटनेटकेपणा सुचला म्हणायचा, असा टोमणा मारून ती कामावर निघाली होती. तो इस्त्री तापवत होता.

रंगखात्यातून दुपारी बाहेर पडायचं, तर साहेबांच्या सहीचा पास लागे. अर्धवट रंगवलेला पत्रा वाळला की वाया जातो, म्हणून तो नियम. ती तपकिरी रंगाचं भांडं हातात तसंच घेऊन वर पळाली. साहेब आणि टाळीमास्तर फळ्यासमोर बसले होते.

"साहेब, पास द्या. घरी जायचंय."

"काय झालं वहिनी?"

"ते अस्वलाचं घर आमचं आहे. चित्रात जे काढलंय, तेच घरात करतायत हे. शिडी दिली, कोट दिला, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या."

"बरं, मग?"

"मग काय? पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच मंजूर केलंय!"

साहेबांनी टाळीमास्तरकडे पाहिलं. टाळीमास्तरने साहेबांकडे पाहिलं. आणि दोघे हसले. दुष्टपणाने नव्हे, आणि त्याचाच जास्त संताप यावा. त्यांना खरंच मजा वाटली. त्या खोलीत धापा टाकत येऊन कुणी काहीही सांगितलं, की ती गोष्टच असायची. दुसरं काही ऐकायला त्यांचे कान उरलेच नव्हते.

"वा!" साहेब म्हणाले. "अस्वलाची बायको! धावत सुटते, आणि फाटकावरचा रखवालदार म्हणतो, पास दाखवा!"

"पास दाखवा!" टाळीमास्तरने टाळी दिली, पेन्सिल उचलली, आणि लिहायला घेतलं.

वहिनीने भांडं त्या कागदावर उलटं केलं. तपकिरी रंग टेबलभर पसरला आणि टाळीमास्तरच्या मांडीवर गळू लागला.

"आता हसा," ती म्हणाली. "हसा की! का, टाळीची वेळ चुकली?"

फाटकावर रखवालदार उठून उभा राहिला. "पास?"

"नाही दिला. घरी माणूस मरतोय माझा."

रखवालदाराने तिचे रंगाने माखलेले हात बघितले, अडसर वर केला, आणि रस्त्यात उतरून तिच्यासाठी रिक्षा थांबवली. त्या सबंध इमारतीत विनोद न कळणारा तो एकटाच निघाला.

दार अस्वलभाऊने उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले.

"आज लवकर?"

ती आत आली, दार लावलं, आणि दाराला पाठ टेकवून उभी राहिली. "कोट का दिलात?"

"मला लागणार नव्हता," तो म्हणाला. छत्री नको, पाऊस नाही, असं सांगावं तसं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. बैठकीच्या आदल्या दिवशी. सगळं काढून दाखवलं. तू म्हणालीस, कान पाडा."

तिने दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर दणके मारले. इस्त्रीच्या शर्टावर तपकिरी पंजे उमटले. तो हलला नाही.

"चला," ती म्हणाली. "कोट परत आणू."

"आता?"

"आत्ता. याच शर्टावर."

दीर दारात तोंडभर हसले. "दिलेली वस्तू परत मागता, वहिनी?"

"हो. मागते," ती म्हणाली, आणि तो कोट भर दुपारी नवऱ्याच्या अंगात चढवून, बटणं लावून, त्याचा हात धरून थेट दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं. दोन महिने तो आत होता.

दरम्यान सिनेमा पूर्ण झाला. नियम असा, की शेवटच्या चित्राला जो हजर, त्याचीच पाटी लागते. तेव्हा अस्वलभाऊची पाटी लागली नाही. 'गोष्ट आणि कल्पना' या शब्दांखाली टाळीमास्तरचं नाव आलं. खिडकीजवळचं टेबल दुसऱ्याला गेलं. वहिनीने साहेबांना चिठ्ठी पाठवली, निदान डबे आणि पडदा तरी काढा. साहेबांनी निरोप दिला, सगळ्यात जास्त पसंती त्यालाच आहे.

कर्मचाऱ्यांसाठी खेळ ठेवला, त्याला ती गेली. पहिल्या रांगेतली खुर्ची तिने उचलून उलटी ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून बसली. सात मिनिटं तिने फक्त चेहरे पाहिले. संपाला हसले. पियानोला हसले. माशांना हसले. डब्यांवर चिठ्ठ्या आल्या तेव्हा चष्मेवालीने तोंडावर हात दाबून मान खाली घातली. आणि मग पाठीमागून आवाज आला, "पास दाखवा!" तिच्या रंगाखालून वाचलेला तो कागद कुणीतरी धुऊन, वाळवून वापरला होता. सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला. साहेब हसत असताना त्यांची नजर तिच्या नजरेला भिडली. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं, आवाज मात्र बंद पडला.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "हसले?"

"हसले."

"सगळ्यात जास्त कुठे?"

"पियानोला," ती खोटं बोलली.

त्याने समाधानाने मान हलवली. "दोर टिकला ना, म्हणून."

तर कुणाला काय मिळालं, ते उघड आहे. साहेबांना त्या वर्षीचं बक्षीस. टाळीमास्तरला नाव. गावोगावच्या प्रेक्षकांना सात मिनिटं. अस्वलभाऊला जीव. आणि उरलेली सगळी किंमत तिने भरली. कामावरून तिने नाव काढून घेतलं, त्याचं तिला फार वाटत नाही. पण तो दवाखान्यातून घरी आल्यापासून ती न्हाणीघराचं दार आतून लावत नाही. अंगाला साबण लावलेला असताना मध्येच नळ बंद करते आणि थांबते. बाहेरून त्याचा खोकला ऐकू आला, की मगच पुन्हा पाणी सोडते.