मधोमध

ओळंबाकाकांनी भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली, दोन पावलं मागे आले, डोळे बारीक केले आणि मागे न बघताच विचारलं,

“काय गं?”

“मधोमध,” बायको म्हणाली.

खिळा गेला, फ्रेम चढली. दातांच्या दवाखान्यातली बाहेरची खोली, पेशंटांना बसायला एक बाकडं आणि त्याच्या वर ही समुद्राची मोठी फ्रेम. टेप काकांच्या पिशवीत असायची, नाही असं नाही, पण ती काचा कापायला. भिंतीला टेप लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. धंद्यातल्या लोकांनी त्यांना ओळंबा हे नाव ठेवलं ते उगाच नव्हे. गवंडी दोरीला वजन बांधून जे बघतात, ते हा माणूस नुसता उभा राहून सांगायचा.

आतून डॉक्टरीणबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या. मान कलती करून बघत राहिल्या.

“काका, जरा उजवीकडे गेलीय का?”

“बाकडं सरकलं असेल तुमचं.”

बाकडं भिंतीत पक्कं बसवलेलं होतं.

“मग उजेडामुळे वाटत असेल,” काका म्हणाले. “खिडकी एकाच बाजूला आहे ना.”

बाईंनी पडदा ओढला. तरी त्यांची मान काही सरळ होईना. शेवटी काकांनी नाइलाजाने पिशवीतून टेप काढून दिली. फ्रेम चांगली दोन बोटं उजवीकडे निघाली.

काकांनी टेप जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि दुसऱ्या टोकापासून मोजलं. तिकडूनही तेच. टेप ताणून पाहिली, सैल सोडून पाहिली, चष्मा पुसून पाहिला. ज्या डोळ्यांना टेपवरचा आकडा दिसत होता, त्याच डोळ्यांना फ्रेम बरोब्बर मधोमध दिसत होती. आता दोघांतलं खोटं कोण, हे ठरवायचं कुणी?

“नंबर तर गेल्याच महिन्यात तपासलाय,” ते पुटपुटले.

“नंबराचं नसतं हो ते. वय झालं की माणसाचं लक्ष जरा उजवीकडे झुकतं म्हणतात. तरुणपणी किंचित डावीकडे असतं. कुठेतरी वाचलं होतं मी.” बाई हसल्या. “राहू द्या, दोन बोटांनी माझे पेशंट काही पळून जात नाहीत. जिन्यातल्या फ्रेमा तेवढ्या नीट बघा हं.”

त्या आत गेल्या. काका टेप हातात घेऊन तसेच उभे राहिले. जिन्याची भिंत पायऱ्यांबरोबर तिरकी चढत गेलेली. तिथे टेप लावायची तरी कुठून कुठे? असली कामं लोक त्यांच्याकडे आणत ती नजरेसाठी. सरळ भिंतीवर कुणीही टेप लावून खिळा ठोकेल. नजर गेली तर हाती उरलं काय, दुकानात बसून काचा कापणं. आणि गेल्या वर्षभरात लावलेल्या फ्रेमा? त्या सगळ्याच सरकल्यात की काय? मग कुणी बोललं कसं नाही? की म्हाताऱ्याला काय बोलायचं म्हणून सगळे गप्प बसले?

मग त्यांना एकदम बायको आठवली.

“अगं, पण तू तर मधोमध म्हणालीस!”

ती खाली बसून फ्रेमांना गुंडाळलेली रद्दी गोळा करत होती. “म्हणाले.”

“तुलाही तशीच दिसली?”

“मी बघितली नाही.”

“काय बघितलं नाहीस?”

“फ्रेम.” तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “तुम्ही मागे येता ना, तेव्हा तुमचे खांदे वर चढलेले असतात. मनासारखं जुळलं की खाली येतात. ते खाली आले की मी म्हणते.”

“कधीपासून हे?”

“पहिल्यापासूनच. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मला काय कळत होतं त्यातलं? म्हटलं, भलतंच बोलले तर चिडाल. आणि कधी चुकलंही नाही हो.”

काका बाकड्यावर बसले. हसावं की ओरडावं, त्यांना कळेना. इतकी वर्षं ते बायकोच्या भरवशावर बेधडक खिळे ठोकत आले होते आणि बायको त्यांच्या भरवशावर मधोमध म्हणत आली होती. मनातून त्यांना फार एकटं वाटलं. तिचा रागही आला, आणि ती समोर एवढंसं तोंड करून बसली होती म्हणून धड रागावताही येईना.

“ऊठ,” ते म्हणाले. “जिन्यात चल. आणि तिथे माझ्याकडे बघायचं नाही. भिंतीकडे बघायचं.”

“मला नाही जमायचं.”

“बघ तर खरं.”

ती जिन्याच्या खाली उभी राहिली. काका फ्रेम भिंतीला धरून वरच्या पायरीवर.

“डावीकडे घ्या,” ती जरा वेळाने म्हणाली. “अजून.”

“अगं, कठड्याबाहेर फेकतेस की काय मला?”

ती हसली नाही. “जरा परत या. हं, तिथे.”

काकांनी फुली मारली, खाली येऊन फ्रेम तिच्या हातात दिली आणि वळून पाहिलं. कुठल्याही बाजूने बघा, फुली सरळसरळ डावीकडे गेली होती. पोरसुद्धा सांगेल, इतकी. त्यांनी बायकोकडे पाहिलं. फ्रेम छातीशी धरून ती भिंतीकडेच बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

“नक्की?”

“नक्की कसं सांगू? मला तिथे दिसतंय, एवढंच.”

काका पुन्हा वर चढले. ती जागा त्यांना अजूनही चूकच वाटत होती. त्यांनी खिळा फुलीवर टेकवला आणि हातोडी उचलली.