एका वेळी एक नळी

"ही सातवी स्लाइड काढून टाक, केतकी," डॉ. श्रीनाथ म्हणाले. मक्सी स्टेशन मागे पडलं होतं आणि गाडीने आता वेग घेतला होता.

केतकीने मांडीवरच्या लॅपटॉपवरून नजर उचलून समोर बसलेल्या दिलीप कोरान्न्यांकडे पाहिलं.

"राहू दे ती," कोरान्ने म्हणाले आणि रुमालाने शांतपणे हात पुसू लागले.

तिघेही उज्जैनच्या एका रुग्णालयातल्या रक्तपेढीतले. श्रीनाथ प्रमुख, केतकी वर्षभरापूर्वी लागलेली तंत्रज्ञ आणि कोरान्ने एकतीस वर्षं तिथलेच. भोपाळला रक्तपेढी तंत्रज्ञांची परिषद होती. त्यांच्या पेढीतून गेल्या अकरा वर्षांत एकही चुकीची पिशवी बाहेर गेली नव्हती, ते कसं जमलं हे कोरान्न्यांनी सांगायचं होतं. निवृत्तीला चार महिने उरलेले असताना त्यांना पहिल्यांदाच मंचावर बोलावणं आलं होतं.

सातव्या स्लाइडवर अकरा वर्षांपूर्वीची एक दुपार होती. दोन बायकांच्या रक्ताच्या नळ्या तपासणीला एकदमच आल्या होत्या. कोरान्ने फोनवर बोलत होते. बोलता बोलता लेबलं अदलाबदल झाली. एकीची पिशवी वेळेत परत मागवता आली. दुसरीला, भैरवगढला कापडावर ठसे मारणाऱ्या माणिकबाईंना, भलत्याच गटाचं रक्त चढलं. नवव्या दिवशी त्या गेल्या.

"चौकशी झाली, तुमचं इन्क्रिमेंट थांबलं, फाइल बंद झाली," श्रीनाथ आवाज खाली आणून म्हणाले. "आता स्वतःहून कशाला उकरता? पूर्ण प्रदेशातले लोक असतील तिथे. तुमच्याच भल्याचं सांगतोय, दिलीपराव. चार महिन्यांनी हारफुलं घेऊन आरामात घरी जा ना."

"भल्याचंच सांगता, सर. पण हे बघा. एका वेळी एकच नळी घ्यायची, तिला लेबल लागेपर्यंत दुसरीला हात नाही, लेबल दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, फोन खोलीच्या बाहेर. यात नवीन काय आहे? सगळ्यांच्याच भिंतीवर लिहिलेलं असतं. तरी पाळत नाहीत. का? तर चूक करणारा कोणी दुसराच असतो, कामचोर, लापरवाह, असं वाटतं त्यांना. मी त्यांना दिसलो पाहिजे. कामात चोख म्हणून ज्याचं नाव होतं, त्याच्या हातून झालं."

"आणि कोणी उलटंसुलटं बोललं तर?"

"बोलू द्या. स्लाइडवर माझं नाव आहे. रुग्णालयाचं नाही टाकलं, तुमचंही नाही."

श्रीनाथ खिडकीबाहेर बघू लागले. कापणी झालेली गव्हाची शेतं मागे पळत होती.

"काका, मला तर हे माहीतच नव्हतं," केतकी हळूच म्हणाली.

"पहिल्याच दिवशी तुला फोन बाहेर ठेवायला लावला, तेव्हा तोंड वाकडं केलं होतंस. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. माझी हिंमत नाही झाली."

केतकीने लॅपटॉप बंद केला. सातवी स्लाइड आत तशीच होती. शुजालपूर आलं, गेलं.

भोपाळच्या सभागृहात कोरान्न्यांचा नंबर जेवणाच्या आधी लागला. सहा स्लाइड होईपर्यंत मागच्या रांगांत कुजबुज चालू होती. सातवी आली. "ये गलती मेरी है," ते म्हणाले आणि घडलं तसं, कुठे न थांबता सांगितलं. कुजबुज थांबली.

शेवटी एका तरुण तंत्रज्ञाने उभं राहून विचारलं, "सर, उसके बाद आप काम पर कैसे लौटे?"

"दूसरे ही दिन लौटा. पहली नली उठाने में बीस मिनट लगे. पीछे लाइन लग गई थी. किसी ने कुछ नहीं कहा." त्यांनी एक बोट वर केलं. "उस दिन से एक ही उठाता हूँ."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. पहिली टाळी श्रीनाथांची होती.

बाहेर व्हरांड्यात चहा होता. कोरान्ने कप घेऊन वळले तोच पन्नाशीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. गळ्यातल्या ओळखपत्रावर दूरच्या जिल्ह्याचं नाव होतं. हातातल्या बशीतला समोसा तसाच होता.

"सर, मेरे से भी हुआ था," ती म्हणाली. "छह साल हो गए. घर में भी नहीं बताया."

श्रीनाथ दोन पावलांवर होते. त्यांनी ऐकलं आणि केतकीच्या खांद्याला हात लावून तिला आत नेलं.

कोरान्न्यांनी भिंतीजवळच्या दोन खुर्च्या ओढल्या. आत माइकवरून पुढचं सत्र सुरू होत असल्याची घोषणा झाली. लोक कप ठेवून आत गेले, दार लागलं.

"बैठिए," कोरान्ने म्हणाले. "हमें कोई जल्दी नहीं है."