मास्तरांचं गिऱ्हाईक

सासऱ्यांना काल-आजचा मेळ लागेना, म्हणून सुनेने गोळ्यांची आठवण करून देणारा रोबो आणला. पण जन्मभर कपडे शिवलेले सासरे त्याचं ऐकेचनात. “हा उघडाबंब कोण? आधी झाका त्याला!” आठवडाभर एक गोळी पोटात गेली नाही. रडकुंडीला आलेल्या सुनेने शेवटी त्यांच्या हाती मापाची टेप दिली.

“हात वर करा, पाहुणे!”

रोबोने केले. “आजोबा, गोळी घ्या.”

“घेतो. गिऱ्हाईकाला मी कधी नाही म्हटलंय? हलू नका!”

संध्याकाळपर्यंत जुन्या पडद्याचा सदरा तयार झाला. सकाळी मात्र सासरे म्हणाले, “सदरा मिळाला ना? मग निघा आता!”

तेव्हापासून सुनेने रोबोला पढवलंय, “मास्तर, बगलेत काचतंय. गोळी घ्या आणि जरा सैल करून द्या.”

सदऱ्याचा एव्हाना तंबू झालाय, पण गोळी एकदाही चुकलेली नाही.