दिवसाला एक चूक

फळ्यावर 'सात गुणिले आठ बरोबर चोपन्न' असं ठसठशीत लिहून गार्गी मागे वळली आणि वाट बघू लागली.

खापा गावातल्या तिच्या शाळेत एव्हाना छप्पर उडालं असतं. तिथे रोज ती फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची, आणि चौथीचा वर्ग ती शोधायला मांजरासारखा टपलेला असायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून खरोखरच एक गणित चुकलं होतं आणि सगळ्या पोरांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतलं होतं. त्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून हा खेळ सुरू झाला. चूक धरेल त्यानं डस्टर घ्यायचं, चूक पुसायची, बरोबर काय ते लिहायचं आणि विचारायचं, "बरोबर, मॅडम?" मग टाळ्या. पोरगं स्वतःच चुकलं तर गार्गी म्हणायची, "चुकते माणूस. पूस अन् पुढचं लिही."

पण हा वर्ग शहरातल्या, बेसा रस्त्यावरच्या मोठ्या शाळेतला होता आणि गार्गी इथे नोकरीसाठी नमुना पाठ द्यायला आली होती. मुलांनी माना खाली घातल्या आणि चोपन्न लिहून घेतले. एका मुलीनं तेवढा हात वर केला.

"मिस, खाली रेघ मारू?"

पाठ संपल्यावर मुख्याध्यापिका चारुशीला मॅडमनी तिला चहा दिला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "ते चोपन्न... मुद्दाम?"

"हो."

"कल्पना गोड आहे. पण इथे नको हं. पालक रोज वह्या तपासतात. एक आकडा चुकला की माझा फोन रात्रीपर्यंत थांबत नाही." मग त्या मनापासून हसल्या. "बाकी मला तुम्ही फार आवडलात. सोमवारी कळवा."

फाटकाबाहेर मुकुंदराव, म्हणजे गार्गीचे बाबा, स्कूटरला टेकून उभे होते. तेवढ्या वेळात त्यांनी चौकीदाराची सगळी वंशावळ काढून ठेवली होती.

"काय झालं वं?"

"घेऊन राहिले, बाबा."

"अरे वा! मंग तोंड काहून पाडून राहिली?" त्यांनी हेल्मेट तिच्या हातात दिलं. "हे पाय, पहाटे तुले खाप्याच्या बसमध्ये बसवून देतो, अन् संध्याकाळी तू उतरतपर्यंत माह्या जीवाले घोर राहते. पगाराचा पत्ता नाही, शाळा राहते का बंद पडते, त्याचाही नाही. इथे घरून जेवून जाशील."

ते खरंच होतं. खाप्याची पोरं एकेक करून सावनेरच्या शाळांत चालली होती. इथे जमलं नाही तर शिकवणंच सोडायचं, हेही ठरलं होतं. मावसभाऊ उन्मेषनं विम्याच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती.

सोमवारी सकाळी बस खाप्याला पोचेपर्यंत गार्गीनं मनाशी पक्कं केलं होतं. आधी पोरांना सांगायचं, मग मधल्या सुट्टीत चारुशीला मॅडमना होकार कळवायचा. वर्गात आली तर पोरांच्या तोंडाकडे बघून सांगणं जमेना. म्हणून तिनं पोरांकडे पाठ फिरवून फळ्यावर लिहिलं, 'गार्गी मॅडम शनिवारी शाळा सोडणार.'

"चूऽऽक!"

सगळा वर्ग एका दमात ओरडला. गार्गी वळते तोवर पायल डस्टर घेऊन फळ्याशी पोचलीसुद्धा. ही पायल म्हणजे अवघ्या गावाला धसका. बुद्धविहारात पाहुण्यांनी भाषणात साल चुकवलं, तेव्हा ती भर सभेत उभी राहून अशीच ओरडली होती. तिची आई तक्रार घेऊन आली होती, "मॅडम, हे पोरगी आता माह्या भाजीच्या मिठातही चुका काढून राहिली!" त्या दिवशी गार्गी पोट धरून हसली होती.

पायलनं टाचा उंचावून ओळ पुसून टाकली. मग जीभ बाहेर काढून लिहिलं, 'गार्गी मॅडम शनिवारी शाळेत येणार.' जरा विचार करून पुढे जोडलं, 'सोमवारी पण.'

"बरोबर, मॅडम?"

सगळे हात टाळीसाठी तयार होते. गार्गीला बाबा आठवले. संध्याकाळी ते स्टँडवर उभे असतील, आणि त्यांना सांगणं चारुशीला मॅडमना नकार कळवण्याहून कितीतरी जड जाणार होतं. समोर पोरं वाट बघत होती. या पोरांवर आपला किती जीव आहे, हे तिला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की डोळे भरून आले.

"बरोबर," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पायल मात्र जागची हलली नाही. तिला काहीतरी खटकलं होतं.

"मॅडम, तुम्ही मुद्दाम लिवलं होतं ना?"

"नाही वं, पायल. आज मी खरंच चुकली होती."

टाळ्या थांबल्या. खऱ्या चुकीचं काय करायचं, हे खेळात ठरलेलं नव्हतं. पायलनं मॅडमच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि खडू तिच्या हातात ठेवला.

"चुकते माणूस, मॅडम. आता पुढचं लिवा."

गार्गीनं पदरानं डोळे टिपले आणि पायलच्या ओळीखाली सातचा पाढा लिहायला घेतला. सात आठेपाशी सगळा वर्ग पुन्हा टपून बसला. तिनं छप्पन्न लिहिले. दिवसाला चूक एकच, असा नियम होता.