वऱ्हाडीतलं मागणं

वर्षालीच्या प्रार्थनेचं अकोल्याच्या मंडळीत मोठं नाव होतं. रविवारी ती डोळे मिटून उभी राहिली आणि "हे कृपावंत, परात्पर पित्या" म्हणाली, की चर्चच्या मागच्या बाकांवरची कुजबुजसुद्धा थांबायची. एकेक शब्द धुऊन वाळवल्यासारखा स्वच्छ यायचा. मंडळीचे सेक्रेटरी खुशालराव पाहुण्यांना तिची ओळख मोठ्या कौतुकाने करून द्यायचे. बाई शाळेत मराठी शिकवतात, पुण्यात शिकल्या आहेत, असं सांगायचे. पाहुणे विचारायचे, मूळच्या पुण्याच्याच का? वर्षाली नुसती हसायची. ते हसणं होकारासारखं दिसायचं, आणि तसं दिसलेलं तिला आवडायचं.

मूळची ती दर्यापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती, रान काळ्या मातीचं, विहिरीचं पाणी खारं. लहानपणी कापसाच्या गंजीवर उताणी पडून ती येशूशी बोलत राहायची. समोर कोणी बसलंय अशा थाटात. चांदी नावाच्या बकरीचा पाय मोडला तेव्हा तर तिने त्याला दिवसभर भंडावून सोडलं होतं.

मग ती बी.एड.ला पुण्याला गेली. होस्टेलच्या पहिल्याच जेवणाला "मले पानी पाह्यजे" म्हणाली आणि अख्खं टेबल हसलं. मुली वाईट नव्हत्या. त्यांना गंमत वाटली, इतकंच. पण पुढे येता-जाता त्या तिला तेच वाक्य म्हणायला लावत राहिल्या. वर्षालीने मग एकेक शब्द टाकून दिला. 'मले' गेलं, 'काहून' गेलं, 'करून राहिली' गेलं. नोकरी लागल्यावर अकोल्यात जठारपेठेत खोली घेतली, तरी ते काही परत आले नाहीत. आईशी फोनवर बोलायची तेसुद्धा पुणेरीच. पलीकडून मैनाबाई हो-नाही म्हणायच्या आणि लवकरच फोन ठेवायच्या.

यंदा हरभरा निघाल्यावर तिच्या वडिलांना, नत्थुजींना, लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. गावच्या माणसांनी त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. वर्षाली शाळेतून रजा घेऊन पोचली तेव्हा ते खाटेवर पडून छताकडे बघत होते. नांगरटीच्या वेळी बैलांना नुसत्या आवाजाने वळवणारा तो माणूस डोळ्यांनीच घाबरलेला दिसत होता.

मैनाबाई म्हणाल्या, लेकी, त्यांच्यासाठी मागणं कर. वर्षालीने वडिलांचा हात हातात घेतला आणि नेहमीच्या सुरात सुरुवात केली. परात्पर पित्या, तुझ्या या व्याधिग्रस्त लेकरावर कृपादृष्टी असू दे. नत्थुजींनी मान कशीबशी बायकोकडे वळवली. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"हे कोन बोलून राहिलं?"

"अवो, आपली वर्षी हाय," मैनाबाई म्हणाल्या.

त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. अशा आजारात ओळख पुसट होते, असं नर्सने समजावलं. वर्षालीनेही स्वतःला तेच सांगितलं, पण ते पटलं नाही.

दुपार चढली. खिडकीचा हिरवा पडदा उन्हाने भरून फुगल्यासारखा दिसत होता. मैनाबाई खाली चटईवर आडव्या झाल्या. पंख्याचा आवाज लांब जात जात कुठेतरी विरला आणि खाटेच्या दांडीवर डोकं टेकलेल्या वर्षालीला झोप लागली.

झोपेत ती त्यांच्याच रानात उभी होती. दिवस उन्हाळ्याचे, पण सगळीकडे कापूस फुटलेला. इतका, की जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक माणूस बसला होता, डोक्याला दुपट्टा, पायांना माती. त्याने सरकून तिला जागा करून दिली. तो कोण, हे तिला न सांगता कळलं. ती हात जोडून म्हणाली, "प्रभो, मी तुझी अखंड स्तुती करते."

"अईकतो ना मी," तो म्हणाला. "लय साजरं बोलतं. पन वर्षे, त्याच्यात तू कुठं हायस?"

तो तिच्या गावातल्या माणसांसारखा बोलत होता. अगदी तसाच, शब्द ओढत. त्याने लोटा पुढे केला. पाणी त्यांच्याच विहिरीचं होतं, खारट, कोमट. पीत असताना तिला रडू आलं. तो तिला गप्प हो म्हणाला नाही. कापूस वाऱ्यावर हलत होता आणि तो शेजारी बसून होता, जणू त्याला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं.

"चांदीच्या पायाची गोठ सांगे तवा कशी सांगे," तो हळूच म्हणाला. "तसं सांग ना मले."

जाग आली तेव्हा तिच्या ओठांवर मीठ होतं. गाल ओले होते. नत्थुजी जागेच होते, तिच्याकडेच बघत. तिने त्यांचा हात पुन्हा धरला. पहिला शब्द काढताना तिला भीती वाटली. इतक्या वर्षांनी तो आपल्या तोंडून खोटा तर वाटणार नाही ना?

"येशू," ती म्हणाली, "माह्या बापाले डर लागून राहिला. मले बी लागून राहिला. त्याचा हात हाले नाई, जीभ वळे नाई. तुले त सारं दिसते. तू इथं बस, आमाले सोडून जाऊ नोको."

बोलता बोलता शब्द आपोआप येत गेले. कुठे दडले होते कोण जाणे. नत्थुजींचा डावा हात चाचपडत वर आला आणि तिच्या डोक्यावर विसावला. "वर्षे," ते म्हणाले. चटईवर मैनाबाई उठून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

नत्थुजी सावकाश सुधारले. काठी टेकत घरच्या अंगणापर्यंत चालू लागले, तेव्हा वर्षाली अकोल्याला परतली. ईस्टर तोंडावर आला होता. त्या दिवशीची मुख्य प्रार्थना वर्षालीने करायची, पुण्याहून पाहुणे येणार आहेत, हे खुशालरावांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

त्या सकाळी चर्च निशिगंधाच्या वासाने भरलं होतं. रंगीत काचांतून आलेलं ऊन लोकांच्या खांद्यांवर पडलं होतं, आणि वर्षालीला क्षणभर आपण अजून त्या स्वप्नातच आहोत असं वाटलं. ती उभी राहिली. "हे परात्पर" म्हणाली आणि थांबली. होस्टेलचं ते टेबल समोर आलं, सगळे हसरे चेहरे तसेच. मग तिच्या मनात आलं, आज ज्याच्या उठण्याचा सण आहे, तो आपल्या माणसांत परत आला तो हातांवरचे घाव तसेच घेऊन आला. त्याने ते झाकले नाहीत. त्याच घावांवरून त्यांनी त्याला ओळखलं.

"येशू," ती म्हणाली, "तू उठला, हे आमाले मायीत हाय. पन आमी उठत नाई. आमी लाजून राहिलो..."

पोरांच्या बाकावर खसखस पिकली. कोणीतरी खोकलं. ती बोलत राहिली. आजारी बापाबद्दल, घरच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याबद्दल, लोकांत येऊन आपणच आपल्याला लपवत बसतो त्याबद्दल. संपलं तेव्हा आमेन म्हणायला लोकांना थोडा वेळ लागला.

बाहेर एका पाहुण्या बाईंनी तिचं अभिनंदन केलं. ग्रामीण भाषेचं सोंग छान वठवलंत, म्हणाल्या.

"सोंग नाई," वर्षाली म्हणाली. "हे माहं बोलनं हाय."

खुशालरावांनी तिला बाजूला घेतलं. पाहुण्यांसमोर असं करायला नको होतं, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. तिने त्यांना शांतपणे सांगितलं, काका, मी मागणं केलं, दुसरं काही केलं नाही. त्यांना ते पटलं नाही. पुढच्या रविवारपासून मुख्य प्रार्थना दुसऱ्या कोणाकडे गेली. वर्षालीला वाईट वाटलं, पण जितकं वाटेल अशी भीती होती तितकं नाही. ती मागच्या बाकावर बसू लागली.

त्याच बाकावर भावनाबाई बसायच्या. घरी शिवणकाम करायच्या, कितीतरी वर्षं चर्चला यायच्या, पण त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. आपल्याला बोलता येत नाही, म्हणायच्या. एका बुधवारी त्यांनी बायकांना, वर्षालीलाही, आपल्या घरी प्रार्थनेला बोलावलं. सगळ्यांचं मागणं झालं, आणि त्या अचानक बोलू लागल्या. देवा, माहे गुडघे लय दुखून राहिले. नळ चार रोजापासून आला नाई. सून माह्यावर रागावली हाय, तिचं बी खरं हाय. मग बोलण्याची गाडी मागे वळली. माहेरच्या लिंबावर गेली, लिंबाखालच्या पोरींवर, त्यांतल्या कोण कुठे गेल्या त्यावर. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

त्या आमेन म्हणायच्या विसरल्या. बायका डोळे मिटून तशाच बसून होत्या. दारातून दुपारचा वारा आत येत होता आणि कोणालाच घाई नव्हती.