बिनकडीचं फाटक

चुलीवरच्या मोठ्या किटलीचं झाकण थडथडलं आणि घरातली शांतता मोडली.

एदितानं किटली कडेला ओढली. सकाळपासून ती हेच करत होती. पाणी उकळायचं, निवायचं, पुन्हा आचेवर सरकवायचं. राखेत भाजलेल्या जाड भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, पातेल्यात कोंबडी शिजली होती, आंबवलेल्या गव्हाची मुदाय बादलीत फेसाळत होती. पंगतीची सगळी तयारी झाली होती. पंगतच काय ती आली नव्हती.

"आई, कोंबडी आता आपण दोघींनीच संपवायची?" लिवेननं विचारलं. पाच वर्षांच्या त्या पोरीला आनंद लपवता येत नव्हता.

"गप बस गं."

खिडकीतून उताराखालचं बटाट्याचं शेत दिसत होतं. पाला वाळून काळा पडला होता आणि पीक अजून जमिनीतच होतं. रामिरो सफरचंदाच्या तोडणीला लांब उत्तरेकडे गेलेला, महिनाभर तरी परतणार नव्हता. एकदा का उत्तरेचा वारा सुटून पाऊस बसला, की त्या सखल शेताची दलदल होते आणि बटाटा आतल्या आत कुजतो. हिवाळ्याचं खाणं आणि पुढच्या सालाचं बियाणं, दोन्ही त्या मातीत अडकलं होतं.

म्हणून तर तिनं मिंगाको ठरवला होता. ज्याचं काम असेल त्यानं हाक द्यायची, सगळ्या वाडीनं हात लावायचा, घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं आणि उद्या दुसऱ्याची हाक आली की आपण जायचं. तिनं फोनवर सगळ्यांना मेसेज पाठवला होता. सगळ्यांनी तो वाचला होता.

बाहेर बैलगाडीची चाकं करकरली. एदिता धावतच दारात गेली. एलिसेओकाका रिकामी गाडी घेऊन वाटेनं चालले होते. तिला पाहून त्यांनी बैल थांबवले, पण खाली उतरले नाहीत.

"काका, मेसेज नाही का मिळाला?"

"मिळाला की. झकास होता. खाली फुलंबिलंपण होती."

"मग?"

एलिसेओकाकांनी बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. मग दुसऱ्या बैलाच्या पाठीवरची, जी नव्हतीच, तीही हाकलली. "फोनचं कसं असतं पोरी, फोनला बस म्हणता येत नाही. त्याच्या हातात चहाचा तुंबा देता येत नाही. त्याची आई कशी आहे ते विचारता येत नाही."

"म्हणजे मी घरोघर फिरू? एवढ्याशा निरोपासाठी?"

"मी कुठं म्हटलं फिर?" त्यांनी बैलांना चुचकारलं. "फ्लोरिंदो फिरायचा, एवढंच म्हटलं." आणि गाडी पुढे गेली.

फ्लोरिंदो मेलिनाओ म्हणजे एदिताचे सासरे. वाडीचा निरोप्या. कुणाचं लग्न, कुणाचं मरण, कुणाकडे घर उभारायचं, कुठल्या टेकडीवर प्रार्थनेला जमायचं, सगळे निरोप त्यांच्या पायांनी जायचे. एका निरोपाला अख्खा दिवस लागायचा, कारण निरोप सगळ्यात शेवटी यायचा. आधी घराची, आईची, पोरांची, दुखऱ्या गुडघ्याची, आजारी गाईची खुशाली. हा पेंतुकुन पुरा झाल्याशिवाय कामाचा शब्द काढायचा नाही. वसंतात ते गेले. त्यांच्यामागे वाडीनं नवा निरोप्या नेमला नव्हता. हातात फोन आहेत, असं सगळेच म्हणत होते.

एदितानं कोंबडीवर झाकण ठेवलं. एक भाकर आणि थोडी अंडी टोपलीत घेतली, कारण रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जात नाहीत. लिवेन म्हणाली, "थांब," आणि खुंटीवरची आजोबांची हॅट काढून डोक्यावर चढवून आली. ती तिच्या भुवयांवर येऊन टेकली.

"ती कशाला?"

"निरोपाला जातोय ना?"

पहिलं घर कार्मेलाचं, सगळी वाडी तिला मानानं 'पापाय', म्हणजे आजीबाई, म्हणायची. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, वासरं आणि जीभ दोन्ही मोकळी सोडणारी म्हातारी. कुंपणापाशी तिची कुत्री अंगावर आल्यासारखी धावली. लिवेननं हॅट काढून छातीशी धरली आणि आजोबांसारखं दोनदा खाकरली. कुत्री जवळ आली, हॅट हुंगली आणि शेपट्या हलवत बाजूला झाली. 

"कोण खाकरतंय माझ्या कुंपणाशी?" आतून आवाज आला. मग म्हातारी दारात आली, त्या लहानग्या डोक्यावरची ती मोठी हॅट बघून क्षणभर उभीच राहिली. "ये गं बाई. या, बसा."

तुंबा भरला, नळी घातली, कडू चहा फिरला. कार्मेलानं रामिरोची खुशाली विचारली, एदिताच्या आईची, भावांची, लिवेनच्या पडलेल्या दाताची. एदितानंही विचारलं, आधी जरा घाईघाईनं आणि मग हळूहळू, कारण उत्तरं ऐकण्यासारखी होती. म्हातारीचा खांदा उन्हाळ्यापासून धरला होता, हे तिला ठाऊकच नव्हतं. दोन शेतं पलीकडे राहून ठाऊक नव्हतं.

"आणि पाणी?" कार्मेलानं तुंबा पुढे करत विचारलं. "पाणी कसं आहे गं तुमच्याकडचं? बरेच दिवस त्याची भेट नाही."

"बरं आहे," असं एदिता बोलून गेली. रिवाजाचं उत्तर होतं. मग तिची नजर दाराशी ठेवलेल्या बादल्यांवर गेली. बुडाला राखाडी चिखल वाळला होता. झऱ्याचा चिखल काळा असतो. हा खालच्या ओढ्याचा होता, टेकडी उतरून पलीकडे. तिनं म्हातारीच्या खांद्याकडे पाहिलं.

जमिनीची वाटणी झाली तेव्हा वाडीचा झरा नकाशात फ्लोरिंदोच्या हद्दीत आला होता. "कागदाला तहान लागत नाही," ते म्हणाले होते. त्यांनी शेत आणि झरा मिळून कुंपण घातलं, फाटक बसवलं, पण कडी बसवली नाही. ज्याला पाणी हवं त्यानं ढकलावं, आत यावं. ते गेल्यावर वासरं शिरून बटाट्याचा कोवळा पाला खायला लागली, तेव्हा एदितानं फाटकाला तार गुंडाळली. चार दिवसांपुरती. मग ती तशीच राहिली. पाण्याला कुणी फिरकत नव्हतं, ते तिच्या लक्षात आलं होतं. नगरपालिकेचा टँकर येतो, त्याचं घेत असतील, असं ती धरून चालली होती.

"पापाय, तुम्ही एकदा बोलायचं तरी."

"तुझं घर सुतकात होतं. सुतकाच्या घरी जाऊन फाटकाचं भांडण काढायचं?"

"वासरं शिरत होती हो..."

"माझीच ती. चोर आहेत." म्हातारी मनापासून हसली. "त्यांना एक मेसेज टाकायचास की."

एदिताही हसली, आणि हसता हसता तिनं शालीच्या पदरानं डोळे पुसले. बटाट्यांचा विषय तिच्यानं काढवला नाही. उठताना म्हातारीनंच विचारलं, "आणि निरोप? निरोप राहिला की."

"येते. आधी एक काम करून येते."

ती घरी आली, पक्कड घेतली आणि फाटकाची तार तोडली. गंजून ती लाकडात रुतली होती, ओढून काढावी लागली. झऱ्याभोवती नेचे दाटले होते, पुदिन्यात वाट बुजून गेली होती. इतक्या दिवसांत तिकडे कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. सासरे करायचे तसे तिनं काठावर मूठभर गहू ठेवले. पाण्याचा धनी तिथंच असतो, त्याला सांगितल्याशिवाय काही करू नये.

"आले मी," ती हळूच म्हणाली. "न्यायला नाही. उघडायला आलेय."

उरलेला दिवस ती चालत राहिली. लिवेन पुढे, हॅट धरून, प्रत्येक कुंपणाशी खाकरत. कुठे कुणाची सून बाळंतीण झाली होती, कुणाचा मुलगा तेमुको शहरात कामावर असताना पडला होता, कुणाच्या मधमाश्या उडून गेल्या होत्या. एदिता बसली, ऐकलं, तुंबे रिकामे केले. दरवेळी अखेरीस एवढंच म्हणाली, "फाटक उघडं आहे. पाण्याला या. आणि जमलं तर उद्या माझ्या बटाट्यांना हात लावा." कुणी 'येतो' म्हटलं नाही. तसं कुणी म्हणत नसतं. परत फिरताना तिचा आवाज बसला होता. सासऱ्यांचा आवाज कायम बसलेला का असायचा, ते तिला चालून चालून कळलं.

सकाळी कुत्र्यांनी वर्दी दिली. बायका दाराशी येण्याआधी झऱ्यावर गेल्या. बादल्यांचा खणखणाट ऐकत एदिता दारात उभी राहिली, आणि तिच्यानं पुढे जाववेना. मग एकेक जण आला. कुणाच्या हातात पीठ, कुणाकडे समुद्रावरून आणून वाळवलेलं शेवाळ, कुणाकडे मधाची बरणी. एलिसेओकाका नांगरासकट बैल घेऊन आले.

"काल नुसती गाडी होती," ते म्हणाले. "गाडीनं बटाटे उकरता येत नाहीत, म्हणून उतरलो नव्हतो."

"खोटं बोलू नका, काका."

"बरं, नाही बोलत. कोंबडी कालचीच आहे का?"

बैलांनी सरी फोडली की मागून माती उसवायची आणि बटाटे बाहेर सांडायचे, लाल, जांभळे, मातीनं माखलेले. माणसं ओणवी होऊन वेचत होती, एकमेकांची टिंगल करत होती. कार्मेलाला एका खांद्यानं वेचताना पाहून एलिसेओकाका म्हणाले, "पापाय, तुमचं टोपलं भरत का नाही?" ती म्हणाली, "माझी वासरं उन्हाळ्यातच जेवून गेली, मी आता हिशोब फेडतेय." सगळं शेत हसलं.

दुपार कलली तशी उत्तरेकडून वारा आला. शेवटची पोती ओढून छपराखाली नेईपर्यंत थेंब पडायला लागले, आणि मग पाऊस रिकाम्या सऱ्यांवर निवांत कोसळत राहिला. सगळ्यांनी दाटीवाटीनं बसून खाल्लं. निघताना प्रत्येक घराच्या वाट्याची भाकर, मांस आणि बटाटे एदितानं फडक्यात बांधून दिले. पाहुण्यानं पुरून उरेल इतकं न्यायचं असतं. जाताना फाटक कुणी लावलं, कुणी नाही. वाऱ्यानं ते हलकं हलकं आपटत होतं.

उजेड अजून थोडा होता. एदिता भांडी घासत होती. छपराखाली भिजल्या कोंबड्यांसमोर लिवेन हॅट काढून उभी होती.

"बाई, तुमची आई बरी आहे ना?" ती एका कोंबडीला विचारत होती. "पिल्लं बरी? गुडघा दुखतो का? पाणी कसं आहे तुमच्याकडचं?"

कोंबडीनं पंख झाडले. लिवेननं मान डोलावली, पुढच्या कोंबडीकडे वळली आणि मध्येच थांबली. हॅट हातात फिरवत ती आईकडे आली.

"आई, दोन दिवस आपण सगळ्यांना सगळ्यांची खुशाली विचारली."

"हो गं."

"मग आजोबांची खुशाली कुणाला विचारायची?"