ज्याच्या गळ्यात शिट्टी

शिट्टीकाकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दंतवैद्य जबड्यांची मापं पाठवायचे आणि काका मागच्या खोलीत बसून लोकांचं हसू साच्यात ओतायचे. त्याच टेबलावर, त्याच कानशींनी ते ग्लायडरही घडवत. या विमानाला मोटर नसते. पंखाचं टोक बोटांत धरायचं, भोवऱ्यासारखी एक गिरकी घ्यायची आणि आभाळात भिरकावून द्यायचं. मग हातातल्या रिमोटनं त्याला वर चढणारी गरम हवा गाठून द्यायची. घार पंख न हलवता जिच्यावर चढते, तीच हवा. जो विमान जास्त वेळ वर ठेवील आणि आखलेल्या वर्तुळात अलगद उतरवील, तो जिंकला. खेळ एवढाच, पण वेड असं की माणूस घरी फक्त जेवायला जातो.

आता गंमत बघा. ज्यानं अर्ध्या मैदानाची विमानं आपल्या हातानं घडवली, त्यालाच उडवायला मिळत नव्हतं. जुने आयोजक गाव सोडून गेले तेव्हा काकांनी एका वर्षापुरती शिट्टी गळ्यात घातली होती. क्रम लावायचा, घड्याळ सुरू करायचं, वर्तुळं आखायची, भांडणं मिटवायची. उडवणाऱ्याची मान वर आणि आयोजकाची नजर खाली. दोन्ही एका माणसाला जमत नाही. वर्ष सरलं, तेव्हा सगळे म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण?" दरवर्षी हेच म्हणाले. ज्याच्या गळ्यात शिट्टी पडते, त्याच्या गळ्यातून ती कोणी काढत नाही.

आणि त्यात डोळा बिघडला. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या मधोमध पडलेला डाग दाखवला आणि डावाही त्याच वाटेवर आहे म्हणाले. "वाचायचं, बघायचं जे काही मनात असेल ते लवकर उरका." काकांच्या मनात वाचायचं काही नव्हतं. एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हातचं विमान स्पर्धेत उडवायचं होतं. त्यासाठी शिट्टी घेणारं कोणीतरी हवं होतं.

नवे लोक येत नव्हते असं नाही. काकांनी शाळांत चित्रं लावली, बाजारात टेबल मांडलं, ज्याला त्याला रिमोट हातात धरू दिला. लोक हौसेनं मैदानावर येत आणि तिथं त्यांची गाठ खाटकाशी पडे. खाटीक मैदानातला सगळ्यांत तरबेज गडी. हात जितका हलका, जीभ तितकी धारदार, म्हणून नाव पडलं खाटीक. नवख्याचं विमान नाकावर आपटलं की तो म्हणे, "व्वा, भाजी निवडायला बरं आहे हे." एका शिक्षकाला तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही गिरकी घेता तेव्हा विमानापेक्षा तुम्हीच लांब जाता." सगळे हसले. मास्तरही हसले आणि पुन्हा आले नाहीत. मग तेच सगळे कोंडाळं करून म्हणायचे, "हल्लीच्या लोकांना आवडच राहिली नाही."

शेवटी एक मुलगी भेटली, डोळ्यांच्या दवाखान्यात. ती तिथं काउंटरवर बसून टोकनचे नंबर पुकारायची. खोलीत भांडणाऱ्या, कण्हणाऱ्या, मध्येच घुसणाऱ्या माणसांची झुंबड, आणि ही आवाज न चढवता म्हणायची, "पुढचे कोण? या." त्या सुरात काय होतं कोण जाणे, वाघ असता तरी रांगेत उभा राहिला असता. काकांच्या शर्टावर विमानाच्या हलक्या बाल्सा लाकडाचा भुसा होता. तिनं विचारलं, "सुतार का तुम्ही?" काकांनी खिशातला विमानाचा फोटो काढला. तिनं तो इतका वेळ बघितला की रांगेतला एकजण खाकरला.

रविवारी ती मैदानावर आली. ती काय काम करते ते कळताच खाटकानं नाव ठेवलं, टोकन.

"टोकन, तुझा नंबर आला की आम्ही हाक मारू हं. साधारण म्हातारपणी."

"चालेल," ती म्हणाली. "तोवर तुमच्या डोळ्यांचाही नंबर वाढलेला असेल. दवाखान्यात भेटूच."

पहिल्यांदाच सगळे खाटकाला हसले. काकांना वाटलं, देवानंच धाडली.

पण देव देतो तेव्हा आपल्या मापानं देत नाही. टोकनला आयोजनात रस नव्हता, तिला उडवायचं होतं. आणि ती उडवायचीही कशी! हात शांत, पाण्यावर ठेवल्यासारखे. मानेवरचे केस हलले की वारा कुठून फिरला हे तिला कळे. सगळे उजवीकडे धावत तेव्हा ही डावीकडे जाऊन हवा पकडायची. काकांनी तिला स्वतःचं जुनं पांढरं विमान दिलं. मैदानातली बहुतेक विमानं पांढरीच, कारण सगळी काकांच्या एकाच साच्यातली. फरक फक्त पंखाखालच्या पट्टीचा: खाटकाची लाल, हिची निळी.

"पोरी, शिट्टी घेशील का?" काकांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नको काका. दिवसभर नंबरच पुकारते मी. इथं तरी वर बघू द्या."

काका हसले. हसू त्यांच्या तोंडाला नीट बसलं नाही.

तिची पहिली स्पर्धा आली. ऊन चांगलं होतं. टोकन आणि खाटीक एकाच गटात, आणि दोघांची विमानं एकाच गरम हवेत शिरली. दोन पांढरे ठिपके एकमेकांभोवती गोल फिरत चढू लागले. तिच्यासोबतचा वेळ मोजणारा घड्याळात डोकं घालून बसला होता. त्या गोलात कधीतरी तिची नजर घसरली आणि ती खाटकाचं विमान बघत रिमोट चालवू लागली. या खेळात हे होतं. दुसऱ्याचं विमान आपलं समजून माणूस जीव तोडून उडवत राहतो, आणि आपलं मागे कुठंतरी बेवारशी भरकटत असतं.

काकांनी ते पाहिलं. तेव्हा डावा डोळा अजून शाबूत होता. निळी पट्टी वाऱ्याबरोबर मैदानाकडेच्या गोदामाच्या दिशेनं सरकत होती. आजवर अशा वेळी ते शंभरदा ओरडले होते. आताही त्यांनी तोंड उघडलं.

आणि मिटलं.

कारण ही आज जिंकली, तर शिट्टी जन्मात घेणार नाही. एवढा एकच विचार आला, पण तो आला आणि बसला. गोदामाच्या भिंतीवर काहीतरी काडकन मोडलं. खाटकानं आपलं विमान वर्तुळात उतरवलं आणि म्हणाला, "टोकन, माझं विमान छान उडवलंस. आता तुझं शोध."

ती तुकडे ओंजळीत घेऊन आली. काका तिला बाजूला, गाडीच्या पायरीवर घेऊन बसले.

"काका, तुम्हाला दिसलं नाही का?"

"दिसलं ना."

"मग?"

"नियम आहे बाळा. आयोजकानं उडवणाऱ्याला काही सांगायचं नसतं. शिट्टी गळ्यात घातली की जीभ बांधली गेली. आतडं तुटलं माझं, पण नियम तो नियम."

असा नियम कुठंच नव्हता. तो त्या पायरीवर जन्मला. पण तिनं मान हलवली. रांगेत जगलेलं माणूस, नियम म्हटलं की तिला आदरच वाटायचा.

"एवढ्यानं काय होतं? दुसरं बनवू," ती म्हणाली.

काकांनी तुकडा उचलला, उन्हात धरला, आणि अगदी प्रेमानं बोलले. "राग मानू नकोस. हात तुझे ठीक आहेत. पण नजर लागते, ती उपजत असते. ज्याला स्वतःचं विमान ओळखू येत नाही त्याला मी काय शिकवणार? तू आणखी दहा मोडशील, हे लोक आणखी हसतील. मला बघवणार नाही."

तिनं ओंजळीतले तुकडे जुळवून पाहिले. मग म्हणाली, "खरंच का हो?"

"खरंच."

पुढच्या रविवारी तिनं शिट्टी मागितली. काकांनी ती सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात घातली. टाळ्या वाजल्या. तिनं पुन्हा रिमोटला हात लावला नाही.

घरी काकू म्हणाल्या, "अहो, त्या पोरीला काय सांगितलंत? तुमचं तोंड कवळी उलटी घातल्यासारखं झालंय."

"काही नाही. तिला आवड आहे आयोजनाची."

"आवड," काकू म्हणाल्या, आणि दिवा बंद करून कूस बदलली.

आता खरं सांगायचं तर मैदानाचं सोनं झालं. टोकननं नियम केला की नवख्याला हसणारा सगळ्यांत शेवटी उडवेल. खाटीक दोन रविवार शेवटी उडवून सुतासारखा सरळ झाला. आल्याआल्या ती प्रत्येक नव्या माणसाला काम द्यायची. कोणी वेळ मोजा, कोणी वर्तुळ आखा. ज्याच्या हाताला काम असतं त्याला परकं वाटत नाही. नळ दुरुस्त करणारा आला, त्याची बहीण आली, ते मास्तरही परत आले. मैदान भरलं. संध्याकाळी सगळे पांगले की ती एकटी वर्तुळाच्या दोऱ्या गुंडाळत उभी राही, आणि एखादी घार दिसली तर तिच्याकडे बघत नसे.

काका मागच्या खोलीत विमान घडवत होते. पांढरंच, त्याच साच्यातलं. पट्टी काळी. डाव्या डोळ्यातही आता राख सांडल्यासारखं झालं होतं. पट्टी बघायला मान तिरकी करावी लागे. पण एकदाच तर उडवायचं होतं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन तसंच होतं. टोकननं पुकारलं, "पुढचे कोण? या." काका वर्तुळात उभे राहिले. वेळ मोजायला नळवाला. काकांनी गिरकी घेतली आणि विमान सुटलं, आणि त्या क्षणी त्यांचं वय, डाग, कवळ्या सगळं गळून पडलं. हवा सापडली. विमान चढू लागलं. शेजारून खाटकाचं विमानही त्याच हवेत शिरलं. दोन पांढरे ठिपके. काका पापणी लवू देत नव्हते. रिमोटची दांडी डावीकडे झुकवली, ठिपका डावीकडे वळला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आनंदाचं.

मग ठिपका आपणहून खाली उतरू लागला. काकांनी दांडी ओढली. ठिपका खालीच येत राहिला. शेजारी उभा खाटीक आरामात आपलं विमान उतरवत होता.

इतका वेळ बघितलेलं विमान त्याचं होतं. काकांनी मान तिरकी केली, सरळ केली. आभाळ म्हणजे नुसतं पांढरं दूध.

"माझं कुठंय?" ते म्हणाले.

नळवाला घड्याळातून डोकं काढून वर बघू लागला. "कुठलं तुमचं? सगळी सारखीच दिसतात."

टोकन चार पावलांवर होती. तिचे डोळे काकांच्या डोक्यावरून मागे, गोदामाच्या बाजूला खिळले होते. तिला दिसत होतं. काकांना तिची मान तेवढी दिसली.

"पोरी," ते म्हणाले. "सांग ना. फक्त हात कर."

तिनं शिट्टी मुठीत घट्ट धरली. ओठ आवळले. गालावरून पाणी आलं ते तिनं खांद्याला पुसलं, पण तोंड उघडलं नाही आणि हात हलवला नाही. गोदामाकडून काडकन आवाज आला.

खाटीक विमान काखेत मारून तिच्याकडे आला. "टोकन, दिसत होतं ना तुला? सांगायचंस की त्यांना."

"आयोजकानं बोलायचं नसतं," ती म्हणाली. "मला किती वाटत होतं. पण नियम आहे ना."

"कुठला नियम?"

"काकांनीच सांगितलाय. माझं मोडलं त्या दिवशी."

"अगं, या माणसानं जन्मभर माझ्या नावानं ओरडून माझं डोकं उठवलंय. 'खाटका, ते तुझं नाही, मागे बघ!' मैदानात एक जण दाखव ज्याला त्यांनी वाचवलं नाही." खाटीक हसायला लागला, आणि मध्येच थांबला.

टोकननं काकांकडे पाहिलं. काकांना तिचा चेहरा दिसत नव्हता; चेहऱ्याच्या जागी डाग होता. पण ती बघते आहे हे कळत होतं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

तिनं त्यांच्या नावापुढे शून्य लिहिलं. मग शिट्टी तोंडाशी नेली, वाजवली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "पुढचे कोण? या."

काका वर्तुळातून हलले नाहीत. त्यांचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर अजून फिरत होते, तेव्हा नळवाल्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.